तालुक्यात मानसिक आरोग्याचं काम: पहिलं अनुदान कसं मिळवावं

मानसिक आरोग्यासाठी पैसे मागायला गेलं की समोरून पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "वर्षाला शिबिरं किती घेणार?" नवी संस्था पटकन "चोवीस" म्हणून मोकळी होते. पैसे मिळतात, शिबिरं होतात, फोटो निघतात. पण पहिल्या शिबिरात रडलेली बाई सहा महिन्यांनी कशी आहे, हे कोणालाच ठाऊक नसतं. मोतीबिंदूचं शिबिर घेता येतं. तपासणी, शस्त्रक्रिया, चष्मा, झालं. नैराश्यात त्याच घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यामुळे या कामाचं अनुदान मुख्यतः घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनाचं, त्यांच्या प्रवासाचं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या जाणकाराच्या वेळेचं असतं. प्रस्ताव लिहिताना, आकडे मांडताना आणि कधी नकार देतानाही हे धरून ठेवा.

पुढचं सगळं महाराष्ट्रात नोंदलेल्या, दोन-चार कार्यकर्त्यांच्या, मोठं अनुदान अजून न मिळालेल्या संस्थेसाठी आहे.

पहिली पायरी: कागद

हे कंटाळवाणं आहे, पण बरेचसे अर्ज इथेच अडतात. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही असेल, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी असेल. कोणतंही रूप चालतं. बघायचं ते हे: तुमच्या घटनेच्या उद्दिष्टांत 'आरोग्य' हा शब्द आहे का? फक्त 'शिक्षण व सांस्कृतिक कार्य' लिहिलेलं असेल, तर आधी घटनादुरुस्ती करा. आणि विश्वस्त मंडळात बदल झाला असेल तर चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची माहिती, दाखल आहे का? तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. गावोगावच्या संस्थांमध्ये तो वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि निधी देणाऱ्याच्या वकिलाला नेमकं तेवढंच सापडतं. ज्याची सही आहे तो कागदोपत्री विश्वस्तच नाही, असं निघालं की बोलणी थांबतात.

त्यानंतर प्राप्तिकर विभागाची नोंदणी. सगळे तिला '१२ए' (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि '८०जी' (देणगीदाराला करसवलत) म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बैठकीत तुम्हाला जुनीच नावं ऐकू येतील. २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिलेल्या नाहीत, त्यांना मुदत आहे. प्रमाणपत्रावरची तारीख आजच बघा; नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो. जोडीला नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक घ्या. तो फुकट मिळतो आणि सरकारी अनुदानाला लागतोच. कंपन्यांकडून सीएसआरचे, म्हणजे त्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्चायचे, पैसे हवे असतील तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचा खर्च दाखवू शकत नाही. हे सगळं, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पॅन, संस्थेच्या नावाचा रद्द केलेला चेक आणि विश्वस्तांची यादी एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. मागितल्यावर तासाभरात पाठवता आलं पाहिजे.

दुसरी पायरी: कुठलं दार ठोठवायचं

कंपन्यांचा सीएसआर हे सगळ्यात मोठं दार. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत 'मानसिक आरोग्य' असा वेगळा उल्लेख नाही, पण 'प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेसह आरोग्यसेवा' आहे. प्रस्तावात तोच शब्दप्रयोग करा, म्हणजे कंपनीच्या माणसाला आत जाऊन भांडावं लागत नाही. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. त्यामुळे शोध मुंबईच्या नरिमन पॉइंटपासून सुरू करू नका. तुमच्या जिल्ह्याच्या एमआयडीसीत कोणाचे कारखाने आहेत, त्यांची यादी करा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर असतात, आणि गेल्या वर्षी सीएसआर कुठे खर्च झाला ते त्यात तक्त्यासकट असतं. अर्धा तास तो तक्ता वाचलात तर दहा निरर्थक ईमेल वाचतात.

अट एक आहे. सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला त्या प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचा नसेल तर तालुक्यात पाय रोवण्यासाठी सुरुवातीला जुन्या संस्थेच्या प्रकल्पात काम करा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं दार फाउंडेशनांचं. मुंबईतलं मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह खास मानसिक आरोग्याच्या कामालाच निधी देतं. 'लिव्ह लव्ह लाफ' ग्रामीण भागात सहयोगी संस्थांमार्फत कार्यक्रम चालवतं. टाटा ट्रस्ट्सनी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाबरोबर आणि राज्य सरकारबरोबर 'उडान' हा प्रकल्प चालवला. अशा ठिकाणी "मानसिक आरोग्य म्हणजे काय" हे समजावत बसावं लागत नाही. उलट तेच तुम्हाला अवघड प्रश्न विचारतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला याचा फायदाच होतो.

सरकारी योजनांपैकी दोन या विषयाला लागून आहेत. बरे होत आलेल्या मनोरुग्णांसाठी हाफवे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधलं निवासी केंद्र, चालवायचं असेल तर केंद्राच्या दिव्यांगजन विभागाची दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजना. व्यसनाचं काम असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाची अमली पदार्थ मागणी-घट योजना. तिच्यात वस्तीपातळीवर समवयस्कांकडून चालवायच्या केंद्रांनाही जागा आहे. सरकारी हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरा. चार-सहा महिन्यांचं मानधन भागवण्याची सोय नसेल तर पहिलंच अनुदान सरकारी घेऊ नका.

परदेशी पैशांचं नाव इतक्यात काढू नका. एफसीआरए (परदेशी निधी घेण्याबाबतचा कायदा) खालच्या नोंदणीसाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली दुसरी संस्था तिला आलेला परदेशी निधी तुम्हाला पुढे देऊ शकत नाही. कोणी "आमच्या खात्यातून फिरवू" म्हणालं तर हात जोडून निघा.

आणखी एक. दारूच्या किंवा गुटख्याच्या धंद्यातला पैसा घ्यायचा का, औषध कंपनीचा घ्यायचा का, हे विश्वस्तांच्या बैठकीत आधीच ठरवून ठराव लिहून ठेवा. चेक समोर आल्यावर तत्त्वं आठवत नाहीत.

तिसरी पायरी: लिहिण्याआधी दोन पत्रं

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी जिल्ह्याच्या गावी जाऊन या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं. ग्रामीण रुग्णालयं आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि आशाताई मात्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. म्हणजे पत्रं दोन लागतात. एकाचंच आणलं तर रुग्णाला ओपीडी मिळते पण आशाताई बैठकीला येत नाहीत, किंवा याच्या उलट होतं. पत्रात मोठं काही नको: "ही संस्था या तालुक्यात काम करणार आहे, आमच्या यंत्रणेचं सहकार्य राहील" एवढं पुरतं. निधी देणाऱ्याच्या दृष्टीने हे अर्धं पान तुमच्या वीस पानांपेक्षा वजनदार.

त्याच फेरीत तीन गोष्टी स्वतः बघून घ्या. मनोविकारतज्ज्ञ तुमच्या तालुक्यातल्या रुग्णालयात महिन्यातून कितीदा येतात? कोणत्या गोळ्या साठ्यात असतात आणि कोणत्या संपलेल्या असतात? आणि रात्री अकरा वाजता एखाद्याने विष घेतलं, तर सगळ्यात जवळ कोण दाखल करून घेतं? प्रस्तावातला 'संदर्भसेवा', म्हणजे रुग्णाला पुढे कुठे पाठवणार, हा परिच्छेद या तीन उत्तरांतूनच तयार होतो.

चौथी पायरी: गरज आणि आवाका यांचा हिशेब

गरज सिद्ध करायला आकडे लागतात, आणि इथे हमखास गडबड होते. बहुतेक प्रस्तावांत बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला आकडा असतो: प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी एखादा मानसिक आजार होता. उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के. आकडे खरे आहेत. पण ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा "आमच्या तालुक्यात १०.६ टक्के" असं लिहू नका, "राष्ट्रीय सर्वेक्षणाचं प्रमाण धरलं तर" असं लिहा. महाराष्ट्राचा म्हणून आकडा हवा असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आहे: २०२२ मध्ये राज्यात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. आणि तालुक्याचा म्हणून हवा असेल तर दहा गावांत जाऊन आशाताई, पोलीस पाटील, अंगणवाडीताई यांच्याशी बोला आणि गावागणिक काय सांगितलं ते नाव न देता लिहा. ते पान वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

आता आवाका. समजा तालुक्यात एक लाख प्रौढ आहेत. वरचं प्रमाण धरलं तर दहा हजारांहून जास्त माणसं. तुमच्याकडे चार कार्यकर्त्या. एक कार्यकर्ती एका वेळी नीट पंचवीस घरं सांभाळते. प्रत्येक घर साधारण पाच महिने चालतं. म्हणजे एका वेळी शंभर, वर्षाला सव्वादोनशे ते अडीचशे माणसं. हाच आकडा प्रस्तावात लिहा. दहा हजार गरजू आणि अडीचशेच पोचणार, हे वाचून नाराज होणारा देणगीदार असतो, पण तो तुमच्यासाठी नाही. "५०,००० लाभार्थी" असं लिहिणाऱ्या संस्थेला ते दाखवण्यासाठी पुढे शाळांमधली भाषणं मोजावी लागतात.

"डॉक्टर नसलेल्या बायका हे काम करू शकतील का?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये आधी मानसिक आरोग्याचं शिक्षण नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा उपचार करून बघितला, आणि त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता'ने गावातल्याच स्वयंसेवकांना घेऊन काम उभं केलं. पुण्याच्या वस्त्यांमध्ये बापू ट्रस्टचं 'सेहेर' आहे. जमलं तर यांपैकी एखादं काम बघून या आणि "आम्ही त्यातलं हे घेतो, हे आमच्याकडे जमणार नाही" असं प्रस्तावात लिहा. पण या सगळ्यांमध्ये कार्यकर्त्यांवर नियमित देखरेख होती. तो खर्च गाळून फक्त 'स्थानिक कार्यकर्त्या' उचलल्या, तर दुसऱ्याच महिन्यात एखादी मुलगी कोणाची तरी आत्महत्येची कहाणी पोटात घेऊन घरी बसेल.

पाचवी पायरी: दोन पानं, मग बजेट

पहिल्यांदा दोन पानांची संकल्पना टिप्पणी पाठवा. कुठे, कोणासाठी, काय करणार, कोण करणार, किती काळ, किती पैसे. मराठीत विचार करून लिहा, मग लागलं तर इंग्रजी करून घ्या. उलट केलं की 'सक्षमीकरण' आणि 'समग्र दृष्टिकोन' यांचा चिखल होतो. पाठवण्याची वेळही महत्त्वाची. सीएसआरचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत असताना, म्हणजे हिवाळा संपता संपता, तुमची टिप्पणी टेबलावर असली पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये "आमचे दहा लाख उरलेत, ३१ तारखेच्या आत खर्च करा" असा फोन येऊ शकतो. आमच्या कामाला ते पैसे बाधतात. अशा वेळी विचारा: हा बहुवर्षीय, म्हणजे 'ऑनगोइंग' प्रकल्प म्हणून मंजूर करता येईल का? नियमांत तशी सोय आहे. सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते.

बजेटचं एक उदाहरण देतो; दर तुमच्या भागाप्रमाणे बदला. एक तालुका, एक वर्ष:

समन्वयक, महिना ३०,००० प्रमाणे: ३,६०,०००
चार कार्यकर्त्या, प्रत्येकी १५,०००: ७,२०,०००
समुपदेशक, महिना २८,०००: ३,३६,०००
मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीच्या महिन्याला दोन भेटी, भेटीला ५,०००: १,२०,०००
प्रवास, महिना २०,०००: २,४०,०००
प्रशिक्षण: १,५०,०००
रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं एसटीभाडं: ६०,०००
नोंदवह्या, छपाई, मोबाइल: ८०,०००
हिशेबनीस, कार्यालय, ऑडिट: १,८०,०००
एकूण: २२,४६,०००

यात पहिल्या चार ओळी मिळून दोन तृतीयांशांहून जास्त होतात. "पगारावर एवढा खर्च?" हा आक्षेप येईल. तेव्हा 'पगार' हा शब्द सोडा आणि सांगा की या प्रकल्पात औषध सरकारी आहे, जागा सरकारी आहे, आम्ही देतो ती सेवा म्हणजेच ही माणसं. तरीही काटछाट करावी लागली तर गावं कमी करा, चाळीसची पंचवीस. देखरेखीची ओळ मात्र कापू नका. एसटीभाड्याचीही नको. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात मजुरीचा दिवस बुडतो आणि दोन माणसांचं भाडं जातं; तिसऱ्या महिन्यात गोळ्या सुटण्याचं हे साधं कारण असतं.

कंपनीवाले कधी म्हणतात, "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही." ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाला आहे. तुमच्या हिशेबनिसाला ती लागू होत नाही. नम्रपणे, नियम पुढे ठेवून सांगा.

पदांची नावं जपून लिहा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं लिहिलंत तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली व्यक्ती द्यावी लागेल. नसेल तर 'समुपदेशक' लिहा आणि खरं शिक्षण लिहा. रुग्णांना मुक्कामी ठेवणार असाल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. फक्त गृहभेटी आणि समुपदेशन असेल तर तो प्रश्न येत नाही.

सहावी पायरी: काय मोजणार

किती बैठका, किती पत्रकं, हे मोजून काही कळत नाही. तीन-चार गोष्टी पुरतात: किती जणांची नोंद झाली, त्यांतले किती तीन महिन्यांनंतरही संपर्कात आहेत, किती जणांची औषधं चालू आहेत, आणि लक्षणांत किती फरक पडला. नैराश्याच्या लक्षणांसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली चालते. गुण शून्य ते २७, दहा किंवा जास्त आले तर लक्ष द्यायचं. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ती प्रश्नावली वापरणार असाल तर त्या प्रश्नाला 'हो' आल्यावर त्याच दिवशी कार्यकर्ती कोणाला फोन करणार, त्या माणसाजवळ कोण थांबणार, दवाखान्यात कोण नेणार, हे लिहून प्रस्तावाला जोडा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तो प्रत्येक कार्यकर्तीच्या फोनमध्ये असलाच पाहिजे. पण तेवढ्यावर भागत नाही, गावात पोचणारा माणूसही ठरलेला लागतो.

सातवी पायरी: पाहणीचा दिवस

मंजुरीआधी कोणीतरी बघायला येतं, आणि बरोबर कॅमेरा आणतं. इथे आधीच बोलून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क आहे, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी तालुका लहान असतो. कंपनीच्या फेसबुक पानावरचा फोटो संध्याकाळपर्यंत सोयरिकीच्या घरी पोचतो. पाहुण्यांना प्रशिक्षण दाखवा, देखरेखीची बैठक दाखवा (केसची नावं न घेता), नोंदवहीतले सांकेतिक क्रमांक दाखवा, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलू द्या. बरं झालेलं कोणी स्वतःहून बोलायला तयार असेल तर छानच, पण त्याला आदल्या दिवशीही "नको" म्हणायची मुभा हवी. पाच जणांचा ताफा घेऊन रुग्णाच्या घरी जाणं साफ नाकारा. यावरून अनुदान हुकलं तर हुकलं.

आठवी पायरी: करार आणि हिशेब

कराराच्या कागदात पैशांचे हप्ते कधी आणि कशावर अवलंबून ते बघा. 'अहवाल मंजूर झाल्यावर दुसरा हप्ता' असं असेल तर मंजुरीला किती दिवस लागतील तेही लिहून घ्या, नाहीतर मानधन रखडतं. एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात किती टक्के रक्कम परवानगीशिवाय हलवता येते ते विचारा. आणि रुग्णांची माहिती कोणाची, हे कलम वाचल्याशिवाय सही करू नका. देणगीदाराला एकत्रित आकडे द्यायचे, नावं नाही.

प्रत्येक अनुदानाचं वेगळं खातेपान ठेवा. मानधन बँकेतूनच द्या, कितीही लहान असलं तरी. प्रवासाच्या व्हाउचरवर गावाचं नाव आणि तारीख हवी, रुग्णाचं नको, हे हिशेबनिसाला पहिल्याच दिवशी सांगा. वर्षाअखेरीला सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. सरकारी अनुदानाला ते ठरावीक 'जीएफआर १२-ए' नमुन्यात द्यावं लागतं (प्राप्तिकराच्या '१२ए'शी याचा संबंध नाही). पैसे उरणार असं डिसेंबरात दिसलं तर डिसेंबरातच कळवा.

नकार आला तर दोन ओळींचं पत्र लिहून कारण विचारा. बरेच जण उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांच्याकडून कळतं की अडचण तुमच्या प्रस्तावात होती की त्यांचं बजेट संपलं होतं. दुसरं असेल तर पुढच्या जानेवारीत तीच टिप्पणी, नवे आकडे घालून, त्याच माणसाला पाठवा.

आणि अनुदान मिळणारच असं धरून त्याच्या शेवटच्या सहा महिन्यांचं काम पहिल्याच प्रस्तावात लिहून ठेवा: चालू असलेल्या प्रत्येक व्यक्तीची यादी, कोण जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जाईल, कोणाकडे आशाताई लक्ष ठेवतील, कोणाला आता भेटींची गरज नाही. या यादीवर जिल्हा पथकाच्या डॉक्टरांबरोबर बसून एकेक नाव बोलायला साधारण दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांचा प्रवासखर्चही बजेटात धरा.